सिंहगडावर आधी कोण टेकलं?

वाळवणाचे दिवस आले की माझ्या नणंदेला, शालन वन्सांना, पैज सुचते. "वहिनी, सिंहगड चढताना जी आधी खाली बसेल, तिनं दोन्ही घरच्या कुरडया घालायच्या." सोऱ्या दाबून दरवर्षी माझे खांदे उतरतात. म्हटलं, चला!

रविवारी वारज्याहून स्वारगेट, तिथनं पायथ्याची बस. जाणार असाल तर उजाडताच चढायला लागा, नंतर ऊन भाजून काढतं. सोबत माझी लेक पल्लवी. फिजिओथेरपी शिकते, म्हणजे आपण नुसतं उठलं तरी चूक काढते.

अर्ध्या वाटेत उतरणाऱ्या एका काकांना विचारलं, "किती राहिलं हो?"

"आलंच! दहा मिनिटं."

दहा मिनिटं मी पळत सुटल्यासारखी चढले. पुढं बघते तर आणखी एक चढ. पायांनी तिथंच संप पुकारला.

"आई, पाय दमलेत, पण एवढे नाहीत," पल्लवी म्हणाली. "मेंदू अंतराच्या हिशोबानं ताकद पुरवतो. दहा मिनिटंच म्हटल्यावर त्यानं सगळी सोडली. आता घाबरून पायांना हुकूमच कमी देतोय."

"म्हणजे मुकादमच कामचोर, आणि शिव्या मजुरांना?"

वन्सं सगळं ऐकत होत्या. मग मागं पडल्या.

थोडं वर ताकवाल्या मावशी भेटल्या. उभ्यानंच ताक प्यायले. म्हटलं, "खरं सांगा, किती?"

"त्या वळणामागं दरवाजा."

पायांत जीव आला बघा! तेवढ्यात वन्सं धापा टाकत पोचल्या. "वहिनी, किती राहिलं?"

"अर्धा गड."

वन्सं मटकन खाली बसल्या.

वर पिठलं-भाकरी खा, मडक्यातलं दही सोडू नका. वन्सं जेवताना चकार शब्द बोलल्या नाहीत. लग्नापासून एवढी शांतता मला पहिल्यांदाच लाभली.

परवा गच्चीवर वन्सं कुरडया घालत होत्या, मी चहा पीत पीत सोऱ्या भरून देत होते. मध्येच त्यांचे हात थांबले. "चीक किती राहिलाय?"

"आलंच. शेवटचा सोऱ्या."

झरझर घातल्या. मग त्यांनी झाकण काढलं. पातेलं अर्धं भरलेलं.

सोऱ्या माझ्या मांडीवर ठेवून वन्सं उठल्या. "मुकादमानं हुकूम बंद केला, वहिनी. मी काय करू?"

तुम्ही गडावर जा, पण वर येणाऱ्याला खरं अंतर सांगा. उरलेल्या कुरडया मीच घातल्या. किती राहिलं, हे मात्र कुणालाही विचारलं नाही.