हिरवी गाडी, लाल गाडी

ती सकाळ आठवली की आजही अंगावर काटा येतो. विश्वकर्मा पूजेचा दिवस होता. त्या दिवशी भिलाईत कोणी औजाराला हात लावत नाही. आम्हीसुद्धा पोलीस ठाण्याच्या जीपला हार घालून नारळ फोडत होतो. तेवढ्यात पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर धापा टाकत आले.

"साहेब, माझी लाल गाडी चोरीला गेली! आज पूजा करून धाकट्याला किल्ली देणार होतो."

फिर्याद लिहून घेतली आणि पंचनाम्याला त्यांच्या घरी गेलो. गॅरेजमध्ये जुनी हिरवी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी उभी होती, शेजारच्या लाल इटालियनची जागा रिकामी. कुलूप शाबूत. चोराने लालच का नेली असेल, एवढंच मी विचारलं आणि गृहस्थ सुटलेच.

"इंग्रजीचं बॉनेट लांब, स्टिअरिंग जड, पण सुटे भाग आजही मिळतात. घसरायच्या आधी ती सांगते, चालवणाऱ्याची चूक पोटात घालते. इटालियनचं इंजिन पाठीमागे. पत्रा गंजतो, भाग शोधता शोधता नाकी नऊ येतात, पण इंजिन काय गातं! फक्त वळणावर घाबरून पाय उचलला, की मागची बाजू गर्रकन फिरते. ती माफ करत नाही. पण खऱ्या शौकिनानं घ्यावी ती लालच!"

त्यांच्या पत्नी, काकू, दारात उभ्या होत्या. चहा दिला, बोलल्या काहीच नाहीत. नवऱ्याच्या छंदाला कंटाळल्या असतील, असं मला वाटलं.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, सुपेला वस्तीत एका शेडमध्ये गॅस कटर चालू आहे."

"आज?" मी ओरडलोच. आजच्या दिवशी कटर पेटवणारा माणूस साधा नसणार. जीप काढली. शेडमध्ये लाल गाडी अर्धी कापलेली! मेकॅनिकची कॉलर धरली.

"कोणी आणली ही? बोल!"

"साहेब, आज औजाराले हात लावत नाही, मले समजते. मी नाहीच म्हटलं होतं. पण काकू हात जोडून राहिल्या होत्या. आजच काप म्हणे."

त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. स्टुलावर त्याच काकू बसल्या होत्या.

"हो, मीच. काल हे देवळात गेले तवा मीच गॅरेज उघडून दिलं. माझा थोरला हिच्यातच गेला साहेब, अहिवाऱ्याच्या रस्त्यावर, वळणावर. यायनं तीच गाडी पुन्हा उभी केली, रंग दिला. अन् आज धाकट्याले देऊन राहिले होते. किती रडली मी! मंग कावून ठेवू हिले?"

वळणावर ती गाडी काय करते, ते नवऱ्याने मला सकाळी नीट समजावून सांगितलं होतं. मुलाचा मात्र शब्दही काढला नव्हता.

इंजिनिअरसाहेबांना बोलावून घेतलं. ते तुकड्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता रडतील.

"इंजिन तरी वाचलं का?" त्यांनी विचारलं.

काकू उठल्या. मेकॅनिकला म्हणाल्या, "भाऊ, आधी तेच काप."

खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण त्या प्रश्नाएवढा हादरा मला कशानेच बसला नाही. घरातून काय गेलं ते चहा देणाऱ्या माणसालाही नेहमी विचारावं, हे मी तिथे शिकलो. गुन्ह्याचा मुद्देमाल म्हणून ते इंजिन जप्त करणं माझं काम होतं. मी टोपी काढली आणि बाहेर जीपमध्ये जाऊन बसलो.