बापाच्या नावाचा रकाना

लवंगेचा वास मला पूर्वी फार आवडत असे. विड्यातून, मसालेभातातून, फार काय, दुखऱ्या दाढेवर ठेवलेल्या कापसाच्या बोळ्यातूनसुद्धा तो यावा आणि चित्तवृत्ती प्रफुल्लित व्हाव्यात! पण मोंबाशाहून माझ्या धाकट्या भावाची, माधवची, पहिली पुरचुंडी आली आणि त्या उष्ण, तीव्र, दूरदेशीच्या दरवळाने आमच्या सोलापुरातल्या दोन खोल्या भरून गेल्या, त्या दिवसापासून लवंग माझी वैरीण झाली. कारण आमची इंदू ती पुरचुंडी दप्तरात घालून शाळेत गेली आणि ‘माझ्या बाबांचा वास’ म्हणून वर्गभर सर्वांना हुंगवीत हिंडली.

इंदू माधवची मुलगी. ती दीड वर्षाची असताना तिची आई गेली, आणि माधव पोरीला आमच्या ओटीत घालून आफ्रिकेच्या रेल्वेत चाकरीला निघून गेला. आम्हांला मूलबाळ नव्हते. तिच्या वेण्या माझ्या सौभाग्यवतीने घातल्या, पाढे मी घोटून घेतले, गोवर निघाला तेव्हा कडुलिंबाच्या डहाळीने वारा मी घातला. आणि माधवने काय केले? दोन महिन्यांनी एकदा पत्र लिहिले! पोरीचे सारे लाड मात्र त्या पत्राचे! षड्रिपूंच्या यादीत शास्त्रकारांनी मत्सराला शेवटची जागा दिली आहे, ती तो दुबळा म्हणून नव्हे; बाकीचे पाच घर सोडून गेले तरी हा उंबऱ्यावर बसून राहतो म्हणून असावी. काम-क्रोधांत निदान काही पुरुषार्थ आहे. पण सख्ख्या भावाच्या पोस्टाच्या तिकिटावर जळणाऱ्या माणसाला कोणत्या पुराणात जागा मिळेल?

एकदा त्याने फोटो पाठवला: डोक्याला हॅट, मागे अथांग सागर. इंदूने तो आरशाच्या चौकटीत खोचला. आता दररोज भांग पाडताना मला माझ्या तोंडाशेजारी माधवचे तोंड दिसू लागले, आणि तुलनेत कोणाची सरशी होत असे ते सांगण्याची गरज नाही. मी चिडून तिला सिद्धेश्वराच्या तळ्यावर नेले आणि म्हणालो, “हे बघ, समुद्र म्हणजे तरी काय? हेच पाणी, फक्त खारट.” तिने गंभीरपणे तळे न्याहाळले. “पण अण्णा, याचा पलीकडचा काठ दिसतो की!” मी तिला चुरमुरे घेऊन दिले आणि घरी आणले.

मग एका आश्विनात ते पत्र आले. माधवला तिकडे कायमचे राहण्याची परवानगी मिळाली होती. बापाने पोषणाची हमी घेतली तर तिथले सरकार त्याच्या अज्ञान मुलीलाही कायमची येऊ देत असे. मात्र मुलगी त्याचीच आहे असा शाळेचा दाखला हवा, आणि ती चैत्राच्या आत पोहोचायला हवी. सौभाग्यवतीने डोळे पुसत पोरीचे परकर शिवायला काढले. शेजारची नरसम्मा हातमाग थांबवून ओट्यावर आली. “लई नशिबाची पोर हाय की, अण्णा! आन् तुमी असं एरंडेल प्याल्यावानी तोंड का केलंय? बापाकडं न्हाय जायाचं, तर कुटं जायाचं पोरीनं?” मी म्हणालो, दाढ दुखते आहे. तिने मला लवंग धरायला सांगितली!

दाखला आणायला मीच गेलो. हेडमास्तरांनी तो लिहून हाती दिला आणि रस्त्यातच मी तो उघडला. ‘इंदुमती गोविंद.’ गोविंद म्हणजे मी. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लागते. त्या मधल्या तीन अक्षरांवर सारी वंशावळ तोललेली असते. सहा वर्षांपूर्वी इंदूला शाळेत घालताना मास्तरांनी विचारले होते, “बापाचं नाव?” आणि माझ्या तोंडून ‘गोविंद’ निघाले होते. जीभ घसरली, असे मी इतकी वर्षे मनाशी म्हणत आलो. पण जीभ घसरायला उतार लागतो, आणि तो उतार मी घरापासून शाळेपर्यंत तिचे बोट धरून चालताना मोठ्या हौसेने तयार केला होता.

तो दाखला पाहून मला काय वाटले? खोटे कशाला सांगू, रस्त्यात उभा राहून मी हसलो! मग मी काय केले? काहीच केले नाही. दाखला पाकिटात घातला आणि परस्पर मोंबाशाच्या सरकारी कचेरीला धाडून दिला. मी पडलो कलेक्टर कचेरीतला नकला उतरणारा कारकून; अस्सल कागदात अक्षराचाही बदल करायचा नाही, ही आमची निष्ठा. अधर्माला निष्ठेचा अंगरखा किती छान बसतो!

पौषात माधवचे उत्तर आले. तिथल्या साहेबाने अर्ज फेटाळला होता. वर, हा इसम परक्याची मुलगी आपली म्हणून आणू पाहतो, असा शेरा मारून त्याच्या नोकरीची चौकशीही लावली होती. ‘शाळेकडून काही चूक झालेली दिसते,’ त्याने लिहिले होते. ‘अण्णा, आपण आहात म्हणून मी निर्धास्त आहे.’ शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने गिळल्या असत्या. तो निर्धास्तपणा मात्र घशाखाली उतरेना.

सौभाग्यवतीने पत्र वाचले, चष्मा काढला. “अहो, चूक शाळेची? पोरीला शाळेत घालायला गेलं कोण होतं?” मी छताकडे पाहिले. इंदू दारात उभी होती. सारे ऐकले होते तिने. “म्हणजे बाबा आता माझे कुणीच नाहीत?” तिने विचारले. मग ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “अण्णा, शाळेत नाव तुम्हीच सांगितलं होतंत ना? मग तुम्हीच जाऊन नाही म्हणून सांगा की.” रडली नाही, रागावली नाही. मी ज्या सुरात तिला चुकलेला पाढा पुन्हा म्हणायला लावीत असे, नेमका तोच सूर!

दुसऱ्या दिवशी मोंबाशाला धाडण्यासाठी मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर मी शपथेवर लिहून दिले की शाळेत खोटे नाव मीच सांगितले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. वीस वर्षे त्यांच्या कचेरीतल्या नकला माझ्याच अक्षरात निघत होत्या. ते एवढेच म्हणाले, “तीन नकला लागतील. तुम्हीच करा.”

आमच्या खात्यात नकलेची रुजवात घालतात. एकाने अस्सल मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून वाक्यागणिक ‘बरोबर’ म्हणायचे. त्यावाचून शिक्का पडत नाही. वाचायला बाबूराव बसले. त्यांनी तपकीर ओढली आणि देवळातल्या पुराणिकासारखा हेल काढला, “सदर इंदुमती ही माझी मुलगी नाही...”

माझे बोट त्या ओळीवरच थांबले.

“अण्णा, नकलेत काही चुकलंय काय?”

“नाही.”

“मग म्हणा की! माझं जेवण खोळंबलंय.”

“बरोबर,” मी म्हणालो. आवाज कुठून आला कोण जाणे. “ती माझा भाऊ माधव याची मुलगी आहे,” बाबूरावांनी पुढचे वाचले. तेही बरोबर होते. दुसऱ्या नकलेच्या वेळी मला ठसका लागला आणि त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. माझ्या मनातला मत्सर निमाला, असे तुम्हांला वाटत असेल तर तो तुमचा चांगुलपणा. बोट कागदावर फिरत होते आणि मी माधवची हॅट मनातल्या मनात समुद्रात भिरकावीत होतो. तिसऱ्या नकलेला मात्र बाबूरावांचे वाक्य पुरे होण्याआधीच मी ‘बरोबर’ म्हणून मोकळा झालो. खरे बोलायलाही सराव लागतो. मला तीन नकला लागल्या.