त्रायानचं तांब्याचं भांडं

क्रेनवर बाई चढली तर पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्याची भट्टी विझेल, असं त्रायान मुकादम कँटीनमध्ये उघड बोलायचा. स्तोयना त्याच्याच गल्लीतली, मायदेशातल्या त्याच्याच बितोला गावाकडची. तरी तिच्या क्रेनच्या चाचणीच्या सकाळी त्याने तिला टोमणा मारल्याशिवाय सोडलं नाही.

"क्रेन म्हणजे शिवणयंत्र नव्हे, पोरी."

"खरंय काका. शिवणयंत्राला पायही लागतात."

ती हसत वर चढली. बायकांना हे काम मिळावं म्हणून तिने सह्या गोळा करत वर्षं घालवली होती. नवऱ्याची पाठ याच कारखान्याने मोडली होती, घर तिच्यावर होतं. आज जमलं तर क्रेन कायमची, नाहीतर पुन्हा कँटीनचा झाडू.

खाली त्रायान आणि मोठे साहेब घड्याळ घेऊन उभे. भट्टीला भंगार वेळेत हवं होतं. तिने क्रेनचं चुंबक ढिगावर टेकवलं. पलंग, गाडीची दारं, पत्रे यांचा गुंता उचलला गेला, आणि त्यात अडकलेलं एक काळपट लाल, पोट सुटलेलं भांडं दिसलं. वर लांब नळी, खाली लोखंडी तिवई.

राकिया, म्हणजे गावाकडची द्राक्षांची दारू, गाळायचं भांडं! तिवईमुळे वर आलं होतं, एरवी चुंबक तांब्याला विचारत नाही. पोलादात तांबं गेलं की पत्रा लाटतानाच तडकतो. तिने गुंता हळूच बाजूला उतरवला.

"थांबलीस कशाला?" साहेब ओरडले.

"तांबं आहे."

त्रायान तावातावाने पाहायला गेला आणि त्याचा चेहराच उतरला. भांडं त्याचंच, हे स्तोयनाच्या लक्षात आलं. त्याच्या बायकोने, वेलिकाकाकूंनी, भंगारवाल्याला गॅरेज साफ करून दिलं होतं, ते गल्लीभर झालं होतं. घरी दारू गाळणं इथे गुन्हा, आणि साहेब तर शेजारीच.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

त्रायान नुसताच नळी चाचपत राहिला. तिला त्याची दया आली.

"न्हाणीचं पाणी तापवायचं भांडं," ती वरून म्हणाली. "आमच्याकडे असतं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाईंना उशीर झाला."

आता एका शब्दात त्रायान तिला खाली उतरवू शकत होता. त्याने टोपी काढली.

"उशीर तिचा नाही, साहेब. भंगाराची गाडी न बघता मी आत सोडली. तांबं तिने पकडलं. क्रेन तिलाच द्या." मग घसा खाकरला. "आणि ते भांडं मी नेऊ का? बायकोला न्हाणीला होईल."

क्रेन स्तोयनाला मिळाली. पुढे द्राक्षांचा चोथा आंबला तेव्हा त्रायानच्या गॅरेजात चूल पेटली. भांड्याभोवती पुरुषांनी बसायचं, बायकांनी भाजलेल्या मिरच्या ठेवून मागे फिरायचं, ही जुनी रीत. स्तोयनानेही ताट ठेवलं आणि वळली.

"कुठे चाललीस?" त्रायानने पहिला पेला तिच्यापुढे धरला. "पाणी तापलंय."

दारातून वेलिकाकाकू म्हणाल्या, "तरीच म्हटलं, हा माणूस इतक्या वेळा आंघोळ का करतो."

म्हातारे कुरकुरत सरकले, आणि बाकावर स्तोयनाला जागा झाली.