सामन्यानंतरची बैठक

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कर्णधार सिद्धेश याचा फोन आला, तेव्हा मी सदाशिव पेठेतल्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून मेथी निवडत होते. “मॅडम, विल्सन सर गेले,” तो म्हणाला. मी म्हणाले, “मग उद्याचा सराव किती वाजता?” लहान मुलाला सांगावं तसं त्यानं तेच वाक्य हळू आवाजात पुन्हा सांगितलं. मी ‘बरं’ म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून संपवली. त्या दिवशी भाजी केली का, कोणी खाल्ली, काही आठवत नाही. आज दीड महिना झाला तरी माझा तो प्रश्न मला सोडत नाही. माणूस गेल्याचं कळल्यावर पहिल्यांदा वेळ विचारणारी बाई! पण खरं सांगायचं तर अजूनही मला पहाटे साडेपाचला जाग येते आणि वाटतं, विल्सन सर मैदानावर पोचले असतील, आपल्यालाच उशीर होतोय.

विल्सन साळवे, वय एकोणपन्नास. राहायला खडकीत, नोकरी तिथल्याच एका कारखान्यात, आणि गेली अकरा वर्षं सकाळी नोकरीवर जाण्याआधी आमच्या मुलांना फुटबॉल शिकवायचं काम. दारू नाही, सिगारेट नाही, रक्तदाब नाही. त्या रविवारी चर्चला जायचं म्हणून दाराशी बसून बूट घालत होते. एक बूट घातला, नाडी बांधली, दुसरा हातात घेतला आणि तसेच भिंतीला टेकले. त्यांच्या पत्नीनं, सुनंदावहिनींनी, आतून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्या जरा रागावूनच बाहेर आल्या. “रागावले हो मी त्यांच्यावर,” एवढंच वाक्य त्या मला दिवसभर सांगत होत्या. माझा हात धरून सांगत होत्या, आणि मला त्या हाताकडे बघवत नव्हतं. का ते पुढे येईलच.

मी संख्याशास्त्र शिकवते. उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापणारी, अशी माझी ख्याती आहे आणि ती मी मेहनतीनं मिळवलेली आहे. दोन वर्षांपूर्वी प्राचार्यांनी बैठकीत विचारलं, जिमखान्याचं काम कोण घेणार? सगळे जण चहाच्या कपात पाहू लागले आणि नेमकं मी वर पाहिलं. अशी मी फुटबॉल संघाची व्यवस्थापक झाले. पहिल्याच दिवशी विल्सन सर म्हणाले, “मॅडम, मैदान माझं, कागद तुमचे. मला कागद वाचला की झोप येते.” मी म्हणाले, “मला तुमचा खेळ बघून येते.” ते मनापासून हसले. पुढे दोनच महिन्यांत मी सीमारेषेजवळ उभी राहून पंचांच्या डोळ्यांच्या नंबराबद्दल शंका घ्यायला लागले, तेव्हा त्यांनी मला या वाक्याची आठवण करून दिली होती.

यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला पहिला सामना आम्ही चिखलात चार गोलांनी हरलो. मुलं सामान आवरून पळायच्या बेतात होती. सरांनी सगळ्यांना मैदानाच्या कडेला गोल बसवलं. ही त्यांची जुनी पद्धत. सामना जिंका नाहीतर हरा, नंतर बैठक व्हायचीच. प्रत्येकानं आपली त्या दिवशीची एक चूक सांगायची. आपली, दुसऱ्याची नाही. दुसऱ्याची चूक बैठकीत किंवा बैठकीबाहेर कुणीच सांगायची नाही. आणि कुणी चूक सांगितली की त्यावर बाकीच्यांनी चकार शब्द काढायचा नाही, धीरसुद्धा द्यायचा नाही. पुढच्यानं आपली सांगायची. सुरुवात सर स्वतः करायचे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, “मी कुठे खेळले?” “आलात ना? मग बसा खाली.” चिखलात, नव्या साडीत बसले. त्या दिवशीची माझी चूक अशी होती की मी पूर्ण पहिला अर्धा वेळ समोरच्या संघाच्या सात नंबरला आपला ओंकार समजून टाळ्या वाजवल्या. कुणी हसलं नाही, कारण नियम होता. पण सिद्धेश बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला होता.

ओंकार आमचा दहा नंबर. लोणी काळभोरचा, तृतीय वर्ष वाणिज्य. सहाच्या सरावासाठी पहाटे पावणेपाचला घर सोडणारा, बोलायला कंजूष आणि गोलच्या तोंडाशी चेंडू मिळाला की डोकं थंड ठेवणारा. हे त्याचं शेवटचं वर्ष. वडिलांनी सांगून टाकलं होतं, पदवी झाली की मळा बघायचा, चेंडूमागं पळणं बास. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर मात्र ते ऐकून घेतील, अशी त्याला आशा होती. निवड समिती अंतिम सामना बघायला येते. म्हणजे आम्ही अंतिम सामन्यात पोचलो तरच त्याला कुणी बघणार. विल्सन सरांनी हे मनावर घेतलं होतं. सराव संपला की वीस मिनिटं त्याला एकट्याला थांबवायचे, डाव्या पायानं मारायला लावायचे. “उजवा पाय देवानं दिलाय, डावा मी देणार,” असं म्हणायचे. दुसरा सामना बरोबरीत सुटला, नंतरचे दोन जिंकले, साखळीतून आम्ही कसेबसे वर आलो. उपांत्यपूर्व सामन्यात ओंकारनं खरोखरच डाव्या पायानं गोल मारला. बैठकीत त्यानं सांगितलेली चूक मला आठवते, “दोन वेळा पास द्यायला पायजे होता, दिला न्हाई. मलाच मारायचा हाय असं वाटत हुतं.” सर खाली मान घालून गवत उपटत होते. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या सामन्यात ओंकारला एक पिवळं कार्ड मिळालं होतं. साखळीतल्या शेवटच्या सामन्यातही त्याला एक मिळालेलं. दोन पिवळी कार्डं झाली की खेळाडूला पुढचा सामना खेळता येत नाही. पण दरवर्षी साखळी संपली की जुनी कार्डं पुसली जातात, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी सरांनी जिमखान्यात येऊन मला विचारलं, “मॅडम, यंदाचं परिपत्रक वाचलंत ना? कार्डांचं दरवर्षीसारखंच आहे ना?” मी अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासत होते. परिपत्रक तीन आठवड्यांपूर्वी मोबाइलवर आलं होतं, नऊ पानांचं. आम्हा प्राध्यापकांना दिवसाला चार परिपत्रकं येतात आणि चारही न उघडता ‘पोचले’ असं उत्तर पाठवण्यात आमची हयात गेलेली आहे. मी मान वर न करता म्हणाले, “हो हो, दरवर्षीसारखंच.” उघडलं नव्हतं, ही गोष्ट आहे. वाचून विसरले असते तर निदान स्वतःला काही सांगता आलं असतं.

उपांत्य सामना आम्ही दोन-एक असा जिंकला. दोन्ही गोल ओंकारचे. मुलांनी सरांना उचललं, मी चक्क शिट्टी वाजवली. दुसऱ्या दिवशी दुपारी आयोजकांचं पत्र आलं. समोरच्या कॉलेजनं हरकत घेतली होती. यंदा नियम बदलला होता, साखळीतली कार्डं पुढे धरायची होती, सातव्या पानावर चौथ्या ओळीत तसं छापलेलं होतं. ओंकार त्या सामन्यात खेळायलाच नको होता. निकाल फिरवून विजय त्यांना दिला गेला. मी ते सातवं पान तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी सरांनी बैठक घेतली. सामना नव्हता, तरी घेतली. अठरा मुलं, ते आणि मी, जिमखान्याच्या फरशीवर. नेहमीप्रमाणे त्यांनी सुरुवात केली. “नियम माहीत करून घेणं प्रशिक्षकाचं काम. मी केलं नाही. चूक माझी.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मग एकेक जण बोलत गेला. ओंकारची पाळी आली तेव्हा तो उठला, सरांकडे बघून म्हणाला, “एक कागद वाचायचा हुता,” आणि निघून गेला. नंतर माझी पाळी. मी तोंड उघडलं... आणि म्हणाले, “काल मी बर्फाची पिशवी आणायला विसरले.” मी हे वाक्य आज लिहिताना तीनदा खोडलं. पण बोलले होते ते हेच.

नंतर कॉलेजसमोरच्या टपरीवर मी सरांना म्हणाले, “मी सांगते मुलांना. उद्याच सांगते.” चहात बिस्कीट बुडवत ते म्हणाले, “सांगा की. तुम्हाला जमेल तेव्हा सांगा. मी काही सांगणार नाही. दुसऱ्याची चूक सांगायची नाही, माझाच नियम आहे.” त्यात टोमणा नव्हता. पुण्यात जन्म गेला माझा, टोमणा मला शंभर पावलांवरून कळतो. तो असता तर बरं झालं असतं, मी चिडून तरी खरं बोलले असते. मग परीक्षा आल्या. मग गुण भरायचे होते. मग दिवाळीची सुट्टी. अर्ध्या गुणासाठी मुलांना रडवणाऱ्या बाईनं पाचवीतल्या मुलीसारखी चूक केली, हे अठरा मुलांसमोर म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. ओंकार मैदानावर आला नाही. सरांचा फोन उचलत नव्हता. सराव सुरू होण्याआधी सर रोज एकदा फाटकाकडे बघायचे, मग शिट्टी मारायचे. हे मी रोज पाहिलं. महिनाभर पाहिलं, आणि तरी गप्प राहिले.

आणि मग तो रविवार. खडकीच्या दफनभूमीत मुलं संघाच्या जर्सीत आली होती. मोजायची सवय आहे मला, मी मोजली. सतरा. प्रत्येकानं मूठभर माती टाकली. सिद्धेशला बाजूला घेऊन ओंकारचं विचारलं तेव्हा तो आधी सांगेना. मग म्हणाला, “सकाळीच फोन केला होता मॅडम. म्हणाला, ज्यांनी माझ्यासाठी एक कागद वाचला नाही त्यांच्यासाठी मी येणार नाही.” सर गेले याचा धक्का एका बाजूला. पण माझ्या गप्प बसण्यानं एका मुलाच्या मनात त्यांच्याबद्दल काय भरून ठेवलं होतं, आणि ते घेऊनच तो जन्मभर जगणार होता, हे मला त्या खड्ड्याच्या काठावर कळलं. खड्डा भरत होता आणि मी तिथे उभी राहून विचार करत होते की आता सांगायचं तरी कुणासमोर. ज्यांना आधी सांगायला हवं होतं ते मातीखाली चालले होते.

पुढच्या शनिवारी मी बसनं लोणी काळभोरला गेले. विचारत विचारत घर सापडलं. ओंकार अंगणात पोत्यावर बसून मार्केट यार्डात न्यायच्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. आई लगबगीनं पुढे आली. “या बाई, बसा. च्या टाकते.” मी त्याच्यासमोर खाली बसले. तो मान वर न करता म्हणाला, “मॅडम, खुर्ची हाय आत.” मी म्हणाले, “बैठक आहे. मला माझी चूक सांगायची आहे.” त्याचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. मी सगळं सांगितलं. नऊ पानं, सातवं पान, ‘दरवर्षीसारखंच’, बर्फाची पिशवी, टपरीवरचं बोलणं, फाटकाकडे बघणं. रडायचं नाही असं बसमध्ये ठरवलं होतं, ते पाळता आलं नाही. माझं बोलून झालं तरी तो जुड्या बांधतच राहिला. पाच झाल्या, सहा झाल्या. चहा आला, त्यावर साय धरली. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेले असते. पण तो सरांच्या हाताखाली तीन वर्षं बसलेला मुलगा होता. माझ्या चुकीवर तो एक शब्द बोलला नाही.

मग त्यानं हातातला दोरा खाली ठेवला.

“आता माझी,” तो म्हणाला. “सिद्धेशचा फोन आला तवा मी घरीच हुतो, मॅडम. त्याला म्हणलो, येत न्हाई. मग दिसभर हितंच बसून ऱ्हायलो... कायबी काम नव्हतं मला त्या दिवशी.”

ही चूक तुझी नाही, माझी आहे, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण बैठकीत दुसऱ्याच्या चुकीवर बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प बसले.