खिडकीबाईंचा दुसरा प्रश्न

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई इंग्रजीची शिकवणी घेतात. बसडेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर त्यांनी सव्वीस वर्षं काढली, म्हणून अख्खी इमारत त्यांना खिडकीबाई म्हणते. त्या निवृत्त झाल्या, खिडकी काही सुटली नाही. बाहेरच्या खोलीत आडवी फळी ठोकून त्यांनी काउंटर केलाय. मुलं अलीकडे, त्या पलीकडे. कुणी नेऊ नये म्हणून पेन्सिल दोरीला बांधलेली.

व्याकरणही त्या खिडकीतूनच शिकवतात. इंग्रजी वाक्यातलं भाववाचक नाम ओळखायचं तर विचारायचं, "ही गोष्ट कुणाला बसमध्ये सापडली, तर आपल्या कपाटात जमा होईल का?" छत्री होईल. डबा होईल. 'होप', आशा, जमा होणार नाही, म्हणजे ते भाववाचक.

ऐकूनच मी कपाळाला हात लावला होता. आम्ही सरळ व्याख्या पाठ केली, पदवीपर्यंत काही अडलं नाही. पण माझी धाकटी लेक इंग्रजीत आपटली होती आणि फेरपरीक्षा नऊ दिवसांवर आलेली. त्यातही गेली तर वर्ष वाया. म्हटलं, खिडकी तर खिडकी.

घरी मी तिला सरावाला दहा वाक्यं दिली. भाववाचक नामाखाली रेघ मार. तिने मारल्या. एलिफंट, रिव्हर, ब्रिज. एका वाक्यात तर अंकल.

"अगं, काका भाववाचक कसा?"

"कपाटात मावतो का तो? आपल्या काकाला सोफा पुरत नाही."

माझं डोकंच फिरलं. कागद आणि लेक, दोन्ही हातात धरून खाली गेले.

"बाई, हे काय शिकवलंत तुम्ही?"

खिडकीबाईंनी कागद सावकाश वाचला. मग लेकीला म्हणाल्या, "दुसरा प्रश्न का नाही विचारलास?"

"दुसरा कुठला?"

बाईंनी हजेरीचं पुस्तक उघडून बोट ठेवलं. "मंगळवारी शिकवला. ही गैरहजर."

मंगळवारी मीच तिला घरी बसवलं होतं. खिडकीवर भरवसा नव्हता, म्हणून व्याकरणाच्या गाईडमधले चाळीस प्रश्न सोडवून घेत होते. लेक माझ्याकडे बघत राहिली. नजर पुरेशी आगाऊ.

"आता तू आत ये," बाई तिला म्हणाल्या. "आणि आई, तुम्ही बाहेर उभ्या राहा. तुमची वस्तू हरवलीय. वस्तू कपाटात मावत नसेल, तर हिने खूण विचारायची. हाच दुसरा प्रश्न."

या वयात मी रांगेत उभी!

"काय हरवलं, बाई?" लेकीने पेन्सिल उचलली.

"हत्ती," मी वैतागून म्हटलं.

"खूण सांगा. रंग? आकार?"

"करडा. तुझ्या काकाएवढा."

"खूण आहे, म्हणजे वस्तू. मागच्या आवारात बांधू. अजून काही?"

"पेशन्स! माझा पेशन्स हरवलाय!"

"रंग?"

"पेशन्सला कसला आलाय रंग!"

"वजन? कोपरा दुमडलेला वगैरे?"

"होताच कधी त्यांच्याकडे," खिडकीबाई मागून म्हणाल्या. "मार रेघ."

लेक खिदळली, पण रेघ बरोबर शब्दाखाली मारली. नदी, पूल, काका, सगळ्यांच्या खुणा पटापट सांगितल्या. काकाच्या तर नको इतक्या.

निघताना बाईंनी अट घातली. परीक्षेपर्यंत एक दिवसही घरी बसवायचं नाही, आणि गाईड त्यांच्याकडे जमा करायचं. मी तावातावाने नेऊन दिलं. त्यांनी खरोखर त्याला चिठ्ठी बांधून कपाटात टाकलं.

आज निकाल लागला. पास झाली. सुटले एकदाची! संध्याकाळी गाईड परत मागायला गेले, कारण पुढच्या वर्षाला आत्तापासून लागायला नको का?

"खूण सांगा," खिडकीबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत लेक बोलली, "प्रत्येक पानावर आईच्या लाल रेघा."

बाईंनी पानं चाळली. मग गाईड पुन्हा कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली.

"खूण पटली," त्या म्हणाल्या. "म्हणूनच देत नाही."