टांझानियाला निघालेली सून

"आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी हाय म्हणं. तीच द्या," निलेश म्हणाला.

निलेश साजगावच्या कारखान्यातला फिटर. लग्न झालं आणि पंधरवड्यात कंपनीने त्याला टांझानियाला पाठवलं. आता दोन महिन्यांची सुट्टी काढून तो बायकोला न्यायला आला होता, आणि सुट्टी संपत आली होती. प्राजक्ताने बिचारीने नवरा बहुतेक मोबाइलवरच पाहिलेला. तिकडे मलेरिया जबर, म्हणून तो होऊ नये यासाठी आधीपासूनच औषध घ्यायचं असतं. ते विचारायला दोघं भिसेगावच्या माझ्या दवाखान्यात आली होती, सासूबाईंना घेऊन.

"लहानपणी फिट वगैरे?" मी प्राजक्ताला विचारलं.

"यायच्या."

म्हणजे ती गोळी बाद. फिट येऊन गेलेल्यांना ती देत नाहीत.

"पाळी?"

"येळेवर हाय," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, मी तिची विचारतेय."

प्राजक्तानेही 'हो' अशी मान हलवली. मग उरली डॉक्सीसायक्लिनची कॅप्सूल. रोज एक, जेवल्यावर. लिहून दिली आणि सवयीने बजावलं, "दिवस गेले तर ही लगेच बंद. बाळाला चालत नाही."

प्राजक्ताने उचललेला कागद परत टेबलावर ठेवला आणि रडायला लागली.

"तीन महिने भरल्याबिगर कुणाला सांगत नाय आमी," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"अहो, गावाला नका सांगू. मी डॉक्टर आहे!"

माझा पारा चढला होता, पण पोरीकडे बघून उतरला. तिसरं एक औषध असतं, तेही गरोदरपणी टाळतात. आणि अशात मलेरिया झाला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. "हिला आत्ता नेऊ नकोस," मी निलेशला सांगितलं.

"मग मी बी नाय जात."

"तुमी जावा," प्राजक्ता डोळे पुसत म्हणाली. "आमी दोघं हाव ना हितं."

मला भरून आलं. उगाच स्टेथोस्कोप पुसत बसले.

निलेश कॅप्सूल घेऊन एकटाच गेला. बाळंतपणानंतर सुट्टीवर आला, तेव्हा सगळी बाळाला लस द्यायला आली. हा मात्र दारातच, हात मागे बांधून.

"लेकीला घेतलीस का रे?"

"नाय. तिकडं मच्छर चावलेत मला. तिला लागंल."

"मलेरिया असा हात लावून होत नाही, बाबा. तिकडून आलास तरी तुझ्या कॅप्सूल अजून महिनाभर चालू ठेव. आणि आधी तिला घे."

त्याने घेतली. मग बाप-लेक दोघंही रडली.

हल्ली परदेशी निघालेल्या सुनेला मी आधी एकटीलाच आत बोलावते. सासूबाई बाहेर तोंड वाकडं करून बसतात. बसू देत.