न्याहारीचा तक्ता

घोटावड्याच्या फाट्यावर नवी बेकरी निघाली आहे. सकाळी दूध घालायला जाते तेव्हा गरम पावाचा वास रस्ताभर पसरलेला असतो. नव्या सोसायट्यांतली माणसं त्या वासानं थांबतात, सुखावतात. मी मात्र नाकाला पदर लावून पाय उचलते. पावाचा काय दोष! पण तो वास आला की मला शाळेचा व्हरांडा दिसतो, भिंतीवरचा तो रंगीत तक्ता दिसतो, आणि मग दिवसभर तोंडाची चव कडू राहते.

तेव्हा मी गावच्या प्राथमिक शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही त्याच शाळेत. त्या वर्षी परदेशातून एक तरुण बाई पोरांना इंग्रजी शिकवायला आली आणि एका बागायतदाराच्या बंगल्यात वरच्या खोलीत वर्षभर राहिली. "आमच्यात गोरी मॅडम ऱ्हाती," असं तो घरमालक ज्याला त्याला ऐकवायचा. भेटेल त्याला गुड मॉर्निंग घालायचा. म्हशीलासुद्धा घातलं असेल. आपला मुलूख सोडून माणूस एवढ्या लांब येतं, तर इथल्या लोकांच्या ताटात निदान डोकावेल, असं मला वाटायचं. ती डोकावायची, पण फोटो काढण्यापुरतीच.

पोरं तिला मिस म्हणायची. तिच्याकडे गुळगुळीत चित्रांचा गठ्ठा होता. पाव, लोणी, अंडं, दुधाचा पेला, सफरचंद. एकेकानं चित्र उचलायचं आणि आज सकाळी मी हे खाल्लं, असं इंग्रजीतून म्हणायचं. पोरं तालात म्हणायची आणि मिस टाळ्या वाजवायची, "व्हेरी गुड!" वाक्य नीट आलं की झालं. ते खरं की खोटं, हे तिच्या शिकवण्यात कुठं बसतच नव्हतं. सकाळी कुणाच्या पोटात काय पडलंय, ते मला पातेल्यापाशी उभं राहून कळायचं. झाकण निघायच्या आधीच काही डोळे तिथं येऊन बसलेले असत.

त्यांतले दोन डोळे तिसरीतल्या एका मुलीचे. आईबाप लातूरकडचे, दोघं उरवड्याच्या कारखान्यात, उजाडायच्या आत घराबाहेर. एके दिवशी तिनं पाव, लोणी, अंडं असं इंग्रजीत घडाघडा म्हटलेलं मी ऐकलं. पाणी प्यायला आली तेव्हा तिला धरलं.

"खोटं कशाला बोललीस गं? काय खाल्लंस आज?"

"कोरा चहा."

"मग तेच सांगायचं."

"चहाचं चित्रच न्हाई मावशी मिसकडं." ओलं तोंड पुसत म्हणाली, "आन कायबी न्हाई खाल्लं, त्याचं तर न्हाईच." मग फिसकन हसली. "म्हनून अंडं घेतलं. अंड्याला लई टाळ्या पडत्यात."

महिनाअखेरीला मिसनं मोठा तक्ता केला. प्रत्येक पोराचं नाव आणि त्यापुढे त्याच्या न्याहारीची चित्रं डकवलेली. त्याच आठवड्यात एका कंपनीची माणसं यायची होती. शाळा भरताना पोरांना रोज दूध-केळं द्यावं, असं त्यांच्या मनात होतं. मी आदल्या दिवशीच पेले घासून पालथे घातले होते. साहेब आले, तक्त्यापुढं थांबले, वाचत गेले आणि मोठ्यानं हसले. "अहो सर, ही मुलं तर आमच्या घरच्यांपेक्षा चांगलं खातात! यांना दूध-केळी कशाला?"

हेडमास्तरांना सगळं ठाऊक होतं. पण तक्ता म्हणजे शाळेची शोभा. तेही हसले. "तसं बघितलं तर खरंय," म्हणाले. मग इंग्रजीसाठी मोठा टीव्ही द्यायचं ठरलं. कुणीतरी ते मिसला समजावून सांगितलं आणि तिनं टाळ्या वाजवल्या. मी डाव हातात धरून दारात उभी होते. साहेब, ह्यातलं एकबी खरं न्हाई, एवढं वाक्य गळ्यापर्यंत आलं होतं. तेवढ्यात सर म्हणाले, "मावशी, साहेबांना चहा आणा."

मी चहा आणला.

वर्ष संपल्यावर मिस आणखी कुठल्या देशात शिकवायला गेली म्हणे. तिथल्या पोरांच्याही हातात हीच चित्रं दिली असतील. टीव्ही एका पावसाळ्यात बंद पडला, त्यावर आता झेंडावंदनाला टेबलावर घालतात ती चादर पांघरलेली असते. ती मुलगी आईबापांबरोबर चाकणकडे गेली. त्या सगळ्यांची मला किळस यायची. साहेबाच्या हसण्याची, सरांच्या मान डोलावण्याची, मिसच्या त्या स्वच्छ टाळ्यांची. काळ गेला की राग निवतो, असं म्हणतात. माझा निवला नाही, नुसता कूस बदलून माझ्याकडे तोंड करून झोपला. मिसला तरी आमची भाषा येत नव्हती. मला येत होती. लाजाळू बाई म्हणून माझं गावात कौतुक आहे. पण त्या दिवशीच्या लाजेला मी आता भित्रेपणाच म्हणते. चहाचा ट्रे घेऊन व्हरांड्यातून जाताना पोरं ओळीत बसलेली होती. सगळी साहेबाकडे बघत होती. ती तिसरीतली पोर एकटी माझ्याकडे बघत होती, मी आता काहीतरी बोलेन म्हणून.